दिवा लावायचा कोणी?

डिसेंबर २०२३मध्ये विधान परिषदेत ‘सारथी’च्या संशोधन छात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारले की, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार? प्रश्न उपहासाचा होता. त्याचे उत्तर मात्र त्यांच्याच बारामतीत आणि शेजारच्या इंदापुरात पडून आहे.

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी काटेवाडीला आली की मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला अश्वाचे. जिरायती भागातले मेंढपाळ पावसाळा सरला की कळपांसह घाट उतरून कोकणात जातात, तेव्हा बिरोबा-खंडोबाच्या ओव्याही त्यांच्यासोबत चालतात. त्याच सुमारास बीडकडची ऊसतोड कुटुंबे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांच्या परिसरात कोप्या उभारतात. नवरा-बायकोच्या श्रमाची मोजणी ‘एक कोयता’ अशी होते. त्या कोपीत मांडलेला देव कोण मोजतो? स्थलांतर आणि संस्कृती यांच्या अभ्यासाला याहून समर्थ क्षेत्र कोणते?

हे ओळखले एका जर्मन पंडिताने. गुंथर सोन्थायमर मराठी शिकले, धनगरांमध्ये वावरले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावरील त्यांचा ग्रंथ १९७६मध्ये जर्मन भाषेत निघाला. वारीवर त्यांनी चित्रपटही केला. त्यांचे ऋण मान्यच आहे. लाज वाटायला हवी ती आपल्याला.

आज आपल्याकडे संशोधन होते, पण पुष्कळदा उसन्या चष्म्यातून. स्थलांतरित म्हणजे केवळ पीडित आणि त्याची श्रद्धा म्हणजे शोषणावरचे पांघरूण, हा निष्कर्ष आधी ठरतो. मुलाखती नंतर होतात. शोषण खोटे नाही. उचलीचा फास आणि शाळा सुटलेली मुले झाकून ठेवणारा राष्ट्रवाद आम्हाला नको. परंतु कोयता चालवणाऱ्या हातांना टाळही ठाऊक असतो. ज्या प्रबंधात हा टाळ ऐकू येत नाही, तो अपुराच.

मात्र हे क्षेत्र रिकामे कोणी सोडले? आपणच! आपल्या घरांत मुलगा अभियंता व्हावा, मुलगी डॉक्टर व्हावी. समाजशास्त्र, लोकसाहित्य, चित्रपट म्हणजे वाया गेलेली वर्षे. आपले कार्यकर्ते वारीत पाणी वाटतात, वारकऱ्यांचे पाय चेपतात. त्यांतील कितींनी एखादी ओवी टिपून ठेवली?

म्हणून मागणी छात्रवृत्तीच्या कपातीची नको, उत्तरदायित्वाची हवी. प्रबंधाचे सार मराठीत यावे. चित्रपट केला तर त्याचा पहिला खेळ त्याच तळावर, त्याच वाड्यावर व्हावा. ध्वनिमुद्रणाची प्रत गावच्या ग्रंथालयात राहावी. आणि धनगराची वा ऊसतोड्याची लेक केवळ अभ्यासाचा विषय न राहता स्वतः संशोधक व्हावी.

दिवा लागेलच. तो आपल्या घरात आपण लावायचा, की परक्याने लावलेल्या उजेडात स्वतःला पाहायचे, एवढेच ठरवायचे आहे.