आधी चालवून बघू द्या, मग पैसे मागा

महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आणल्या. टेस्ट ड्राइव्ह १४ जानेवारी २०२५ पासून, बुकिंग १४ फेब्रुवारीला. पहिल्याच दिवशी ३० हजारांवर बुकिंग! आधी चालवा, मग पैसे भरा, हा क्रम बरोबरच आहे.

पण पहिला मान मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांना. गाडी बनते चाकणला आणि तालुक्याचा माणूस रांगेत शेवटी!

बरं, टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काय? शेजारी सेल्समन आणि शोरूमपासून पेट्रोल पंपापर्यंत एक चक्कर. त्यात पिकअप कळतो, रेंज नाही. कागदावरची रेंज ठरावीक चाचणीतली असते. पाच माणसं, सामान, एसी आणि घाट आला की आकडा खाली येतो. शिवाय आमच्याकडे हायवे सोडला की चार्जर शोधत फिरावं लागतं.

म्हणून मित्रांनो, डीलरकडे हट्ट धरा. अर्धा दिवस गाडी मागा. घरच्यांना बसवा, घाट चढा, बाहेरच्या चार्जरवर एकदा चार्ज करून बघा. कर्ज काढून वीस-पंचवीस लाख मोजणाऱ्याचा एवढा हक्क आहेच. साडी घेतानासुद्धा आपण पदर उलगडून बघतो की!