पस्तीस क्विंटलचा फोन

९ सप्टेंबरच्या रात्री आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीच झोपलं नव्हतं. साडेदहाला आयफोन १७ चं लाँचिंग सुरू झालं आणि मेसेजचा पाऊस पडला. 'बेस मॉडेललाच २५६ जीबी!' 'अरे, १२० हर्ट्‌झ पण दिलाय यावेळी!' मग किंमत आली, ८२,९०० रुपये. दोन मिनिटं ग्रुप एकदम शांत. नंतर एकाने टाकलं, 'ईएमआयवर बसते ना बे.' झालं, पुन्हा सगळे सुरू.

खोटं कशाला बोलू, मीही त्यात होते. माझा फोन तीन वर्षं जुना, १३ हजारांचा. दुपारी चार वाजले की बॅटरी राम म्हणते. सध्या इंटर्नशिप सुरू आहे. बाइट घ्यायचे, व्हिडिओ शूट करायचे, फोनवरच एडिट करून पाठवायचे. ऐन मोक्याला 'स्टोरेज फुल' असा मेसेज आला की रडू येतं. म्हणजे नवा फोन हवा म्हणायला माझ्याकडे कारण होतं. आणि एकदा कारण सापडलं की मन कसं पळतं, ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्यातल्या एका मोबाइलच्या दुकानात जाऊन मी २४ महिन्यांच्या हप्त्याचा हिशोबही करून आले. महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास.

घरी सांगितलं. आमचं गाव लाखनी तालुक्यात, घरी अडीच एकर धान. बाबा नुकतेच बांधीतून आले होते. पाय धुताधुता म्हणाले, "तुले कामासाठी लागते ना? मंग घे. धान निघाले का पाहू." बस्स, एवढंच. किंमत त्यांनी विचारलीच नाही.

तीन-चार दिवसांनी ऑफिसात धान खरेदीच्या नोंदणीची बातमी टाइप करत होते. त्यात हमीभाव होता. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये. सहज कॅल्क्युलेटर उघडला आणि ८२,९०० ला २,३६९ ने भागलं. उत्तर आलं जवळजवळ बरोब्बर ३५.

पस्तीस क्विंटल. आमच्याकडे एकरी पंधरा-सोळा क्विंटल झाले तर वर्ष बरं गेलं म्हणतात. म्हणजे आमच्या अडीच एकरातलं जवळपास सगळं धान, एका फोनसाठी! आणि खत, रोवणीची मजुरी, ट्रॅक्टर, तुडतुड्यासाठीची फवारणी हे सगळंही त्याच धानातून निघायचं असतं. दुसरा हिशोब करून पाहिला. रोजगार हमीची २०२५-२६ ची आपल्या राज्यातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये. त्या मजुरीने हा फोन घ्यायचा तर २६६ दिवस काम करावं लागेल. केंद्राच्या कायद्यातली हमी तेव्हा वर्षाला १०० दिवसांची होती.

त्या दिवशी बातमी वेळेत दिली, पण डोक्यातून ३५ चा आकडा काही जाईना.

फोन सप्टेंबरात, पैसे डिसेंबरात

आपल्या जिल्ह्यात या निर्णयाचा एक वेगळाच घोळ आहे. मोठ्या कंपन्यांचे फोन आणि ऑनलाइन सेल सप्टेंबर-ऑक्टोबरात, दसरा-दिवाळीच्या तोंडावर येतात. शहरात तेव्हा बोनस येतो. आपल्याकडे तेव्हा धान निसवत असतं. हलकं धान दिवाळीच्या आसपास निघतं, भारी धान त्याच्याही नंतर. मग मळणी, मग खरेदी केंद्र, मग वजन, मग खात्यात पैसे कधी पडतात याची वाट. हप्ता मात्र फोन घेतल्याच्या पुढच्याच महिन्यात सुरू होतो.

म्हणजे आपण ईएमआयवर सही करतो तेव्हा न कापलेलं पीक गहाण ठेवत असतो. तेही आपलं नाही, बाबांचं.

तुमसरकडचा माझा एक मित्र यात अडकला. मागच्या दिवाळीत २४ हजारांचा फोन हप्त्यावर घेतला. धानाचे पैसे लांबले, खात्यात शिल्लक नव्हती, तीन हप्ते बाउन्स झाले. प्रत्येक वेळी फायनान्सवाल्याचा दंड वेगळा आणि बँकेचा वेगळा. वसुलीचे फोन त्याच नव्या फोनवर यायचे! शेवटी त्याच्या आईने बचत गटातून पैसे काढून हप्ते भरले. आता त्याला एमबीएसाठी शैक्षणिक कर्ज हवंय, तर आधी क्रेडिट स्कोअर सुधारून ये म्हणताहेत. फोनची स्क्रीन तोवर तडकलीसुद्धा.

'नो कॉस्ट' कुणासाठी?

'पण नो कॉस्ट ईएमआय आहे ना', हे वाक्य मी स्वतः बाबांना ऐकवलं होतं. नंतर नीट वाचलं. यात व्याज असतंच. तेवढी रक्कम आधी किमतीत सूट म्हणून दाखवतात आणि मग हप्त्यांतून व्याज म्हणून घेतात. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्या खिशातून जातो, प्रोसेसिंग फी असली तर तीही. शिवाय रोख घेणाऱ्याला जी सूट मिळू शकते, ती बऱ्याचदा आपल्याला मिळत नाही. रिझर्व्ह बँकेने तर १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना बजावलं होतं की, शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनांमध्ये व्याज अनेकदा प्रोसेसिंग फीच्या नावाखाली लपवलेलं असतं.

आणखी एक गैरसमज सध्या कट्ट्यावर फिरतोय. '२२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाला, आता फोन स्वस्त.' नाही हो. मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. मोबाइलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्केच होता आणि अजूनही तेवढाच आहे. ८२,९०० मधले साडेबारा हजारांच्या वर रुपये नुसता कर आहे.

घाईची किंमत बघायची असेल तर शेजारच्या मॉडेलकडे बघा. आयफोन १६ २०२४ मध्ये ७९,९०० ला आला. १७ आल्याबरोबर त्याची किंमत ६९,९०० झाली. फोन तोच, कॅमेरा तोच. पहिल्या दिवशी रांगेत उभं राहण्याचे दहा हजार!

मग आम्ही चांगला फोन घेऊच नये?

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. 'शेतकऱ्याच्या पोरांना कशाला पाहिजे आयफोन' असं म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. हे वाक्य मी लग्नात, एसटीत, कॉलेजच्या पोर्चमध्ये ऐकलंय आणि दर वेळी डोकं तापतं. १९ सप्टेंबरला मुंबईत बीकेसीच्या स्टोअरबाहेर पहाटेपासून रांगा लागल्या, धक्काबुक्की झाली, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही की तुमच्या बापाचा धंदा काय.

फोन ही आपल्यासाठी चैन नाहीच. २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा बारावीचे तास मोबाइलवर आले. बाबांनी दोन बकऱ्या विकून घरातला पहिला स्मार्टफोन घेतला आणि मी नेटवर्कसाठी शेजारच्यांच्या स्लॅबवर बसून अकाउंट्स शिकले. तो फोन आज बाबांकडे आहे. ते त्यावर पावसाचा अंदाज बघतात. महाडीबीटीचा स्कॉलरशिप फॉर्म, परीक्षेचा फॉर्म, यूपीआय, सगळं फोनवर. तेव्हा फोन घ्यायचाच होता आणि तो घेतल्याबद्दल एका क्षणाचाही पश्चात्ताप नाही.

फरक एवढाच की, २०२० मध्ये आम्ही फोन घेतला कारण आमच्याकडे नव्हता. या सप्टेंबरात मी घ्यायला निघाले होते कारण कंपनीकडे नवीन आला होता. मला वाटतं, घ्यायचं की नाही याचं उत्तर आपल्या हातातल्या फोनला विचारावं, लाँचिंगच्या व्हिडिओला नाही.

हातातला फोन काय म्हणतो?

मी माझ्या फोनला विचारलं. दोनच तक्रारी निघाल्या, बॅटरी आणि स्टोरेज.

बॅटरी म्हातारी होतेच. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेल्ससाठी कंपनीच ५०० चार्ज सायकलनंतर ८० टक्के क्षमता धरते. १५ पासून हा आकडा १,००० आहे. त्यात आपला उन्हाळा. हीच कंपनी फोन ० ते ३५ अंशांत वापरा म्हणते आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर असतो. उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीत फोन टाकून आपण लस्सी प्यायला जातो, मग म्हणतो कंपनीने फसवलं. नवीन फोनलाही हाच उन्हाळा काढायचा आहे.

मी १,२०० रुपयांत बॅटरी बदलली. जुने व्हिडिओ लॅपटॉपवर टाकले, सहाशेचा कॉलर माइक घेतला. माझ्या बाइटची खरी अडचण आवाजाची होती, हे संपादक सांगून थकले होते. परवा आठवडी बाजारातला व्हिडिओ पाठवला, तो एका फटक्यात पास झाला.

तुमचा फोन खरंच गेला असेल तर जरूर घ्या, फक्त थोडं बघून. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, हे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी विचारा, कारण त्याच फोनवर तुमचं बँकेचं अ‍ॅप आहे. यासाठी ८० हजार लागत नाहीत. सॅमसंगने २०२४ मध्ये आणलेल्या, वीस हजारांच्या आतल्या गॅलेक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षं अपडेट देण्याचं सांगितलंय. सीताबर्डीत जाऊन सेकंडहँड घेणार असाल तर *#०६# डायल करून आयएमईआय नंबर काढा आणि दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर तपासा. नाहीतर चोरीचा फोन गळ्यात पडायचा. आणि हप्त्यावर घेणारच असाल, तर हप्ता स्वतःच्या कमाईतून, म्हणजे स्टायपेंड, शिकवण्या, पार्टटाइम यातून जाईल एवढाच घ्या. माझ्या स्टायपेंडमध्ये किती बसतो, ते इथे लिहिलं तर हे पान छापणारेच हसतील.

बाबांना सांगितलं, 'फोन नाही घेत सध्या.' ते म्हणाले, "काऊन?" मी म्हटलं, बॅटरी बदलली, चालतोय. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी विचारलं, केवढ्याचा होता. मी किंमत सांगितली. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आईला म्हणाले, "पोरगी हिशेबी निंघाली."

ग्रुपवर मात्र दोन दिवस माझी यथेच्छ खेचली. 'कंजूस', 'काकू', काय काय. तिसऱ्या दिवशी त्याच ग्रुपमधल्या एकाचा, 'ईएमआयवर बसते' म्हणणाऱ्याचाच, वेगळा मेसेज आला : 'ते बॅटरीवाल्याचं दुकान नेमकं कुठे आहे ग?'