शून्य निकाल

मागच्या महिन्यात एका बाईंची मेल आली. मी आणि दोन मित्र एका जुन्या मराठी नियतकालिकाची साइट हौसेने सांभाळतो (पगार: चहा). बाईंच्या वडिलांचा एक लेख त्यात फार पूर्वी छापून आला होता, गावाकडच्या विहिरीबद्दलचा. वडील आता नाहीत. त्यांनी शोधाच्या चौकटीत 'विहीर' टाकलं आणि आमच्या साइटने थंडपणे सांगितलं, 'एकही लेख सापडला नाही.'

लेख होता! तासभर एकेक अंक उघडून मी तो शोधला. शीर्षक: 'आमच्या विहिरीची गोष्ट'. आमचा शोध फक्त शीर्षकात बघायचा. 'विहीर'मध्ये ही दीर्घ, 'विहिरीची'मध्ये हि ऱ्हस्व. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द, विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल, गुगल आहे की! आमच्यातल्या एकाचंही हेच म्हणणं होतं. पण गुगल प्रत्येक पान घेईलच, असा काही करार नाही. आणि आपल्याच घरातली वस्तू कुठे ठेवलीय हे शेजाऱ्याला विचारायचं, हे मला तरी पटत नाही. साइटला नवा रंग, नवा लोगो यावर लोक आनंदाने पैसे घालतात. शोध मात्र दहा वर्षांपूर्वी जसा बसवला तसाच.

बरं, तो बसवलेला असतो कसा? बऱ्याच ठिकाणी नुसती अक्षरं जुळवून बघतात. मग 'मन' शोधलं की 'आगमन' येतं आणि 'जर्मनी'सुद्धा येतो :-) पण 'पाऊस' शोधलं तर 'पावसात' येत नाही, आणि 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा' येत नाही. थोडी प्रगती करून मायएसक्यूएलचा फुल-टेक्स्ट शोध लावावा, तर त्याच्या इनोडीबी प्रकारात मूळ सेटिंगप्रमाणे ३ अक्षरांपेक्षा लहान शब्द सूचीत जातच नाहीत. इंग्रजीत ठीक आहे. मराठीत 'घर' आणि 'मन' दोन्ही बाद!

ल्युसीन या लोकप्रिय शोध-लायब्ररीत हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, अगदी नेपाळीसाठीही तयार सोय आहे. मराठीसाठी वेगळी नाही. म्हणजे हे काम आपल्यालाच करावं लागणार. आणि ते वाटतं तेवढं अवघड नाही. आम्ही चार शनिवारांत जे केलं ते असं.

पहिलं, काहीही कोड लिहिण्याआधी शून्य निकाल आलेल्या शोधांची यादी काढली. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लाजिरवाणं काम. लोक काय मागत होते आणि आपण काय नाही म्हणत होतो, ते सरळ समोर येतं.

दुसरं, एकच शब्द एकाच पद्धतीने साठवणं. 'दऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक अ आणि चंद्र जोडून लिहायचे. डोळ्यांना सारखंच दिसतं, यंत्राला नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन इथे मदत करत नाही, स्वतःचा तक्ता करावा लागतो. शिवाय १९६२ च्या लेखननियमांआधीच्या मजकुरात 'नांव', 'कांहीं' असे अनुस्वार. शोधापुरते ते गाळले आणि ऱ्हस्व-दीर्घ एकच मानले. (शुद्धलेखनवाल्यांनी रागावू नये, छापील मजकुराला हात लावलेला नाही.)

तिसरं, प्रत्यय काढणं. इथे मात्र जपून. 'ला' दिसला की काप असं केलं तर 'कला'चं 'क' उरतं, आणि 'ने' कापलं तर 'सोने'चं 'सो'. म्हणून कापल्यावर किमान दोन अक्षरं उरलीच पाहिजेत असा नियम, आणि मूळ शब्दही सूचीत ठेवायचा. जसाच्या तसा जुळला तर निकाल वर, कापून जुळला तर खाली. पाऊस-पावसा, पाणी-पाण्या अशी सामान्यरूपं नियमात बसत नव्हती, त्यांची सरळ यादी केली. कंटाळवाणं काम आहे, पण यादी एकदाच करायची असते.

चौथं, शीर्षकाबरोबर पूर्ण मजकुरातही शोध. हे आधीच का नव्हतं, हे कृपया विचारू नका.

अजून बरंच बाकी आहे. जुने अंक युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेले आहेत, ते बदलल्याशिवाय त्यातला एकही शब्द सापडणार नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. लेख सर्व्हरवर असणं आणि वाचकाला मिळणं यात फरक आहे. जो सापडत नाही तो वाचकासाठी नाहीच. आपण हजारो पानं चढवली याचा अभिमान बाळगतो, पण ती चढवून आपण गच्च भरलेला, कुलूप लावलेला माळा तयार करतोय का, हे कोणी तपासत नाही.

बाईंना दुवा पाठवला. तो लेख आईला वाचून दाखवला, असं त्यांनी कळवलं. बरं वाटलं. पण मग ती शून्य निकालांची यादी पुन्हा उघडली. या बाईंनी निदान मेल तरी केली होती. बाकीचे न सांगता निघून गेले.

असो. तुमच्या साइटवर आज एक शब्द शोधून बघा. 'घर' चालेल.