36,450 जीव

पांढुर्ण्यात माझे ब्लाऊज शिवणारी भाभी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवत होती. कुराणात आकाश विस्तारण्याचा उल्लेख आहे, म्हणजे विश्व पसरत चाललंय हे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, असं त्यात म्हटलं होतं. मोरिस बुकाय या फ्रेंच डॉक्टरच्या 1976 च्या पुस्तकानंतर असल्या दाव्यांना जोर चढला. घरी येऊन मी जावेला सांगितलं. आम्ही दोघी हसलो. मी म्हटलं, ‘‘हबलनं 1929 मध्ये मोजून दाखवलं, मगच हा अर्थ काहून सापडला? आधी कुणी त्या आयतीवरून गणित का नाही मांडलं?’’

त्याच वर्षी दशलक्षणात सौंसरला नणंदेकडे गेले. स्वाध्यायात एक बाई म्हणाल्या, ‘‘पाण्याच्या एका थेंबात 36,450 जीव. कॅप्टन स्कोर्सबीनं सूक्ष्मदर्शकातून मोजले. आपल्या भगवंतांनी आधीच सांगितलं होतं!’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पाठशाळेत हेच घोकलं होतं ना. रात्री मात्र झोप येईना. भाभीच्या माघारी विचारलेला प्रश्न आपल्या घरात विचारायला जीभ का जड झाली?

पुतणीनं स्कोर्सबीचं 1820 चं पुस्तक शोधून दिलं. हा माणूस देवमाशांची शिकार करणारा. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातल्या पिवळट-हिरव्या पाण्याचा थेंब त्यानं आखलेल्या काचेवर ठेवला. एका चौकटीत सरासरी 50 जीव, थेंबानं व्यापलेल्या चौकटी 529. करा गुणाकार, बायांनो! 26,450. आपल्याकडे येईस्तोवर दहा हजार वाढले. आणि ते पाणी काही आपल्या विहिरीचं नव्हतं.

याहून मोठी चूक वेगळीच. शास्त्रातले जलकायिक जीव म्हणजे पाणी हेच ज्यांचं शरीर, एकेंद्रिय, स्थावर. स्कोर्सबीनं पाहिले ते पाण्यात राहणारे दुसरेच प्राणी. एकाची साक्ष दुसऱ्याला कशी चालेल? पाण्यात त्रस जीवही असतात, त्यांच्यासाठीच तर आपण पाणी गाळतो. पण पाण्यात किडे असतात हे नुसत्या डोळ्यांनाही दिसतं. ते सांगायला केवलज्ञान लागत नाही.

शिवाय जुळेल तेवढंच उचलायचं. त्याच शास्त्रात जंबूद्वीपावर दोन सूर्य, दोन चंद्र सांगितलेत. तिथे मात्र ‘विज्ञान अजून अपुरं आहे’. छापा पडला तरी माझा, काटा पडला तरी माझा!

आपल्या आचार्यांना हा खेळ चालला नसता. माणिक्यनंदींच्या ‘परीक्षामुख’मध्ये खऱ्या हेतूची कसोटी आहे: साध्य नसेल तर जो असूच शकत नाही, तो हेतू. या कसोटीवर भाभीचा व्हिडिओ पडतो, आणि आपले 36,450 जीवही पडतात.

कुणी म्हणेल, श्रद्धा वाढते तर बिघडलं काय? बिघडतं, बाई. माझ्या जावेला मधुमेह आहे. कुणीतरी तिला सांगितलं, उपवास चांगला म्हणून जपानच्या ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं. खरं तर त्यांनी यीस्टच्या पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरतात, ते शोधलं होतं. तिनं गोळ्या तशाच चालू ठेवून दहा दिवसांची एकासनं धरली, डॉक्टरांना विचारलं नाही. ‘‘विज्ञानानंच सांगितलंय,’’ म्हणाली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मंदिराच्या पायरीवर घामाघूम होऊन कोसळली. साखर पार उतरली होती. वाचली, एवढंच.

पाणी गाळायचं ते दयेपोटी. उपवास करायचा तो आत्म्यासाठी, तोही झेपेल तेवढाच. त्याला देवमासे मारणाऱ्याची साक्ष कशाला हवी? उद्या तो आकडा खोटा ठरला, तर पोरी छन्ना फेकून देतील, आणि दोष आपला असेल.

उत्तम सत्याच्या दिवशी आपण सत्यधर्माची पूजा करतो. निदान त्या दिवशी तरी हा आकडा सांगू नका. आणि भाभीला हसायचं असेल, तर आधी आपली पाठशाळेची वही उघडा.