मार्गिका बदलताना

बंगळुरूच्या राजाजीनगर भागातील कॉर्ड रोड हा वाहनचालकाची परीक्षा पाहणारा रस्ता आहे. 2014 साली या भागातून मेट्रो धावू लागली आणि तिचे भक्कम खांब रस्त्यावर कायमचे उभे राहिले. डावीकडे बसथांबे व मध्येच थबकणाऱ्या रिक्षा, उजवीकडे वळण घेण्यासाठी खोळंबलेल्या मोटारी आणि या साऱ्यांतून वाट काढणाऱ्या असंख्य दुचाकी! अशा ठिकाणी आपली मार्गिका, म्हणजेच लेन, सोडून शेजारच्या मार्गिकेत शिरण्याची वेळ चालकावर वारंवार येते. आणि नेमकी हीच क्रिया सर्वांत बेपर्वाईने केली जाते.

नियम नवा नाही. आखलेल्या मार्गिकेतच वाहन चालवावे व योग्य इशारा देऊनच ती बदलावी, असे 1989 च्या विनियमांत स्पष्ट म्हटले होते. 2017 साली त्यांच्या जागी नवे विनियम आले. मात्र रस्त्यावर इशाऱ्याचा अर्थच पालटला आहे. इशारादिवा लागतो न लागतो तोच चाक वळलेले असते. वास्तविक तो दिवा परवानगी मागतो, हुकूम सोडत नाही. राजाजीनगरच्या रस्त्यावर कन्नड, तमिळ, तेलुगू, मराठी अशा अनेक भाषांचे लोक शेजारी शेजारी वाहने हाकतात. त्या सर्वांना समजणारी एवढी एकच भाषा आहे. ती बोलायची आणि उत्तराची वाट पाहायची नाही, याला संवाद कसे म्हणावे?

आरशात पाहिले की काम झाले, हाही एक भ्रमच. मोटारीच्या मागील बाजूचा काही भाग कोणत्याच आरशात दिसत नाही. मोटार तेथे सहसा मावत नाही, दुचाकी मात्र सहज मावते. म्हणून आरसा, इशारा आणि मग खांद्यावरून एक ओझरता दृष्टिक्षेप, हा क्रम मोडता कामा नये. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 11 मीटर अंतर कापते. चालकाची घाई वाचवते ती एवढेच. दुचाकीवरील माणसाचा मात्र जीव पणाला लागतो.

आपल्या संमिश्र वाहतुकीत मार्गिकांची शिस्त अव्यवहार्य आहे, असा आक्षेप घेतला जातो. पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवले तर त्या जागेत दुसराच कोणी घुसतो, ही तक्रार खरी आहे. तरीही घुसणाऱ्याला जागा देऊन पुन्हा अंतर राखणे यातच शहाणपण आहे. त्यात अर्धा मिनिटही जात नाही. शिवाय दोष केवळ गर्दीचा असता, तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो दिसला नसता. तेथे प्रत्येक दिशेला तीन प्रशस्त मार्गिका आहेत. उजवीकडची मार्गिका पुढे जाण्यासाठी असूनही संथ वाहने ती अडवून बसतात आणि मागचे उतावळे चालक डावीकडून मुसंडी मारतात.

परवान्यासाठी उमेदवाराकडून वळणे घेऊन दाखवली जातात, गाडी मागे घेऊन दाखवली जाते. भरवाहतुकीत मार्गिका कशी बदलतो, हेही परीक्षकाने शेजारी बसून पाहिले पाहिजे. ज्याला ते जमत नाही, त्याला पुन्हा शिकून येण्यास सांगण्यात संकोच कशाला?