कोणी लिहिलंय?

दोस्तहो, आधी माझीच फजिती सांगतो. मग दुसऱ्यांची झडती घेऊ.

पिशोरला आमच्या वस्तीत चौदा एप्रिलचा कार्यक्रम. निळे झेंडे, कर्णा, समोर आयाबाया, पोरंसोरं. शहरात शिकतो म्हणून मला भाषणाला उभं केलेलं. आपण पण मग सुटलो. फ्रान्सची राज्यक्रांती, १७८९, बॅस्टिल, व्हॉल्टेअर, रूसो. आणि शेवटी ठोकून दिलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द बाबासाहेबांनी फ्रान्सकडून घेतले. टाळ्या लई पडल्या.

खाली उतरलो तर नागसेनवनात शिकलेले आमच्याकडचे एक तात्या थांबलेले. म्हणाले, "पोरा, हे कुठं वाचलंस?" मी मोबाईल काढला. प्रबोधन आणि क्रांती यांच्यावरची इतिहासाची एक साइट. एकदम चकाचक. बॅस्टिलचं रंगीत चित्र. तात्यांनी चष्मा वर केला. "कोणी लिहिलंय?" मी पान वर सरकवलं, खाली सरकवलं. नाव नाही. तारीख नाही. कशाच्या आधारावर लिहिलंय तेही नाही.

तात्या चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "३ ऑक्टोबर १९५४. आकाशवाणीवरचं भाषण. काढून वाच."

काढून वाचलं. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड आज नेटवर फुकट मिळतात. त्या भाषणात ते साफ सांगतात, की हे तत्त्वज्ञान मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलेलं नाही, माझ्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतलंय. म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीला, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, मी बाबासाहेबांनाच खोटं पाडत होतो. आणि टाळ्या घेत होतो!

मग दुसरं टोक गाठून फ्रान्सचं नावच टाकून द्यायचं का? तेही खोटं. २५ डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती जळाली त्या परिषदेत बाबासाहेबांनीच १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण खऱ्या कधी, तर तारीख आणि मूळ कागद हातात असेल तेव्हा. निनावी साइट दोन्हींचा काला करून तुमच्या तोंडात घालते.

म्हणून माझी पहिली कसोटी तात्यांचीच. कोणी लिहिलंय? आमच्याच कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. तिथं खांबावर पैठणच्या मितदेवाचं नाव कोरलंय, त्यानं दान दिलं म्हणून. एका यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचं नाव आहे. छिन्नी-हातोड्याच्या काळातला माणूस दगडात नाव सांगून जातो, आणि बोटाच्या एका टिचकीवर लिहिणाऱ्या या बहाद्दरांना नाव सांगायला काय होतं? नाव असलं म्हणजे सगळं खरं असं नाही. पण नाव असलं तर जाब विचारता येतो.

दुसरी कसोटी, मूळ कागद दाखवतोस का? २६ ऑगस्ट १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा घ्या. पहिलं कलम सगळ्या साइटी मिरवतात, माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान म्हणून. शेवटचं सतरावं कलम मालमत्ता पवित्र ठरवतं, ते कितीजण दाखवतात? मळेवाल्यांच्या हिशेबी गुलाम ही मालमत्ताच होती. पहिल्या आणि सतराव्या कलमाच्या मध्ये माणूस कसा चिरडला जातो, ते अख्खा कागद वाचल्याशिवाय कळत नाही. येल विद्यापीठाच्या 'ॲव्हलॉन'वर तो पूर्ण वाचायला मिळतो.

तिसरी कसोटी आपली, गावकुसाबाहेरची. हैती कुठंय? तेव्हाची फ्रान्सची वसाहत, सां-दोमिंग. ऊस-कॉफीचे मळे आणि सुमारे पाच लाख काळे गुलाम. ऑगस्ट १७९१ मध्ये ते उठले. त्यांच्या बंडाच्या रेट्याखाली फ्रान्सला ४ फेब्रुवारी १७९४ रोजी गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती वसाहतींत पुन्हा आणली. तुसां लुव्हेर्त्युर, एकेकाळचा गुलाम, फ्रान्सच्या थंडगार तुरुंगात १८०३ साली मेला. तरी १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालाच. आणि १८२५ मध्ये फ्रान्सने गुलामांकडूनच भरपाई मागितली, १५ कोटी फ्रँक! पुढे ती ९ कोटींवर आली, पण त्यापायी काढलेलं कर्ज फिटायला १९४७ साल उजाडलं. आपला देश सुटला ते साल.

ही गोष्ट ज्या साइटवर तळटीप म्हणूनही नाही, तिचं प्रबोधन म्हणजे वाड्यातली हंडी-झुंबरं. उजेड आत, अंधार आमच्याकडं. ऑलिंप द गूजने १७९१ मध्ये बायांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि १७९३ मध्ये तिचं डोकं उडवलं गेलं. तिलाही शोधा. नसेल तर पान बंद करा.

चांगलं काम करणारेही आहेत. लिन हंट आणि जॅक सेन्सर या अभ्यासकांनी फ्रेंच क्रांतीवर साइट केलीय, जॉर्ज मेसन विद्यापीठाची. नावं आहेत, कागद आहेत, गुलामगिरी आणि हैतीला वेगळं प्रकरण आहे. पण सगळं इंग्रजीत. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, तिथून सुरुवात करा. मात्र विद्यापीठाचा शिक्का म्हणजे सत्याचा दाखला नव्हे. ज्यांनी आम्हाला शतकानुशतकं शाळेबाहेर ठेवलं त्यांच्याकडेही शिक्के होतेच.

ही झडती आपल्याला नवी नाही. जोतिबांनी टॉमस पेन वाचला आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली. अर्पण कुणाला? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुस्तकात धोंडिबा विचारतो, जोतिराव उत्तर देतात, आणि मत्स्यापासून परशुरामापर्यंत एकेका अवताराची साल निघते. आज पोथीची जागा मोबाईलने घेतलीय. प्रश्न विचारणारा धोंडिबा मात्र गायब. वाचलं की पुढे ढकललं. आता तर यंत्रच उत्तर लिहून देतं, आणि आपण मान डोलावतो. मान डोलावण्याची सवय कुणी लावली, हे मी सांगायला पाहिजे का?

तेव्हा दोस्तहो, नुसती नावं ठेवून भागायचं नाही. इंग्रजी येणाऱ्यांनी हे कागद मराठीत आणावेत. खाली आपलं नाव, तारीख, आधार टाकावा. चुकलं तर चुकलं म्हणावं. पिशोरच्या पोरीला हैती मराठीत वाचता आला पाहिजे.

पुढच्या चौदा एप्रिलला मी पुन्हा बोलणार आहे. तात्या समोरच बसतील. या वेळी त्यांनी विचारायच्या आधीच सांगेन, कोणी लिहिलंय.