परागंदा कलाकारांना नुसता व्हिसा पुरतो का? समजून घ्या तानिया ब्रुगेरांचं काम

देश सोडावा लागलेल्या कलाकाराला मदत म्हणजे व्हिसा, खोली आणि काही महिन्यांचं मानधन, असं मानलं जातं. पण ज्याची कला लोकांना सोबत घेऊनच घडते, त्याचा घराबरोबर प्रेक्षकही जातो. तो कोण परत देणार?

क्युबाच्या कलाकार तानिया ब्रुगेरा यांचं काम इथे वेगळं ठरतं. डिसेंबर २०१४ मध्ये हवानाच्या क्रांती चौकात माइक ठेवून कुणालाही एक मिनिट बोलू द्यायचं, एवढाच त्यांचा बेत होता. त्याआधीच त्यांना ताब्यात घेतलं, पासपोर्टही जप्त केला. पुढच्या मे महिन्यात त्यांनी घरीच हॅना आरेंट यांच्या एकाधिकारशाहीवरच्या पुस्तकाचं १०० तास वाचन ठेवलं. नेमका तेव्हाच घराबाहेरचा रस्ता खोदायला घेतला गेला! त्यातूनच आरेंट यांच्या नावाची ‘इन्स्टार’ ही संस्था उभी राहिली.

२०२१ मध्ये ब्रुगेरांनीही देश सोडला. त्यांच्याच सांगण्यानुसार, बदल्यात तुरुंगातल्यांची सुटका मागून. कलाकार हॅम्लेट लावास्तिदा सुटले, पण थेट देशाबाहेर.

२०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात ‘डॉक्युमेंटा’च्या १०० दिवसांत ‘इन्स्टार’ने १० प्रदर्शनं मांडली. क्युबात दाबलेलं काम तिथे लोकांसमोर आलं. सरकारला टीकाकार बाहेरच हवे होते, हा आक्षेप खराच. पण मागे राहणाऱ्यांसमोर तरी काय होतं? ‘डॉक्युमेंटा’ सुरू झालं त्याच जूनमध्ये हवानात कलाकार लुइस मॅन्युएल ओतेरो अल्कांतारा यांना पाच वर्षांची शिक्षा झाली.